पाटीवरची नऊ नावं

नागपूर,
९ जानेवारी २०२५

सुमंत्या,

जय भीम. आता तू तिकडे रामराम म्हण, म्हणजे पुढचं लिहितो.

चिठ्ठी पाहून हसला असशीन. धम्मदीप खोब्रागडे अन् चिठ्ठी! आपण दोघं एकाच दिवशी फायरमन म्हणून भरती झालो, तवा माझा अर्जही तूच लिहिला होता. पण काय करू गा? फोनवर चार वाक्यं बोललो की खोकला सुरू होते अन् समोरचा हॅलो-हॅलो करत राहते. अन् तुझा तो बटनाचा फोन, तोही सहा महिन्यांपासून बंद. शेवटी तुझ्या दीप्तीवहिनीनं कौसल्यावहिनीच्या भावाकडून भिवापूरचा पत्ता काढला.

तं ऐक. माझी फुफ्फुसं गेली. डॉक्टर फोटो दाखवून म्हणते, आतून कडक होऊन राहिली, जुन्या चपलेसारखी. औषधानं मागं येत नाही. खांद्यावर माणूस घेऊन शिडी उतरणारा मी, आता मोरीपर्यंत गेलो की बसतो. एकच उपाय आहे, फुफ्फुस बदलायचं. त्याची यादी मुंबईले लागते. अन् ऑफिस माझं नाव तवाच पाठवीन, जवा मेडिकल बोर्ड लिहून देईन की हा आजार ड्युटीमुळं झाला. नाही लिहिलं तं अनफिट, घरी बसा, अन् काय व्हायचं ते होऊ द्या.

बोर्डात तीन साहेब. एकानं विचारलं, काही व्यसन? मी खरं सांगितलं, खर्रा खातो. झालं! त्यानं लिहिलं, तंबाखू. मी म्हटलं, साहेब, खर्रा गालात ठेवतात, फुफ्फुसात नाही. कोणी हसलं नाही.

मग गोदामाच्या आगीचं विचारलं. त्याइले जसं सांगितलं तसंच तुले लिहितो, नाही तं तू म्हणशीन मले आठवत नाही. २०१७ चा मे, बुटीबोरीच्या रस्त्यावरचं सोफ्याच्या फोमचं गोदाम, दुपारचे दोन. मागच्या शटरजवळ कामगार अडकलेले. आम्ही नऊ जण दोनदा आत गेलो, सेट घालून. पाठीवर हवेचं सिलिंडर, तोंडावर मास्क. दोन फेऱ्यांत नऊही सिलिंडर रिकामे झाले. भरलेले सिलिंडर आणणारी गाडी भलत्याच गेटवर उभी. आग सोमेश्वरी अन् बंब रामेश्वरी! आतून बाया ओरडून राहिल्या होत्या. तिसऱ्यांदा आम्ही ओले दुपट्टे तोंडाले बांधून गेलो. अकरा कामगार काढले. सतरा राहिले. अन् आपला अश्विन राहिला.

तू दारात पाटी घेऊन उभा होता. आत कोण गेला, कोणत्या नंबरचा सेट घालून गेला, किती वाजता, हे लिहिणं तुझं काम. तेच मग नोंदवहीत उतरलं. बोर्डानं ती नोंदवही माझ्यासमोर उघडली. तिसऱ्या फेरीत माझ्या नावापुढं सेट नंबर चार. अश्विनच्या नावापुढं सात. नऊच्या नऊ नावांपुढं नंबर. साहेब म्हणे, तुम्ही तं सेट घालून होते, मग धूर लागला कुठून?

अक्षर तुझं आहे भाऊ. काहून लिहिलं ते मी विचारत नाही. पण त्या नवांपैकी अश्विन त्याच दिवशी गेला, दोघं नंतर खोकून खोकून गेले, अन् जे उरले त्यांची साक्ष बोर्ड मानत नाही. म्हणते, तुम्ही सगळे एका माळेचे मणी. ज्यानं पाटी लिहिली त्यानं सांगितलं तरच काही होईन. तू नोकरी सोडून गेला, तुले आता कोणाचं भ्याव नाही. एक कागद लिहून दे, की तिसऱ्या फेरीले सेट नव्हते. बस, एवढंच.

बोर्डाची पुढची तारीख पाच मे. वहिनीले सांगजो, मिरची पाठवू नका. घरात फोडणी दिली तरी मी बाहेर जाऊन बसतो.

तुझा,
धम्मा


भिवापूर,
२७ जानेवारी २०२५

धम्मा,

रामराम अन् जय भीम, दोन्ही घे.

तुझी चिठ्ठी आली तवा मी वावरात होतो. कौसल्यानं वाचून दाखवली. अर्धी वाचून तिनं माझ्या हातात दिली, बाकीची मी वाचली. तुझी तब्येत इतकी बिघडली हे मले माहीत नव्हतं गा. जरा खोकला आहे एवढंच कानावर आलं होतं. अडुळशाचा काढा घेऊन पाह्य. इथं नत्थूबुवा म्हणून एक म्हातारा आहे, त्याचा दमा काढ्यानंच बसला.

इकडे मिरचीचा तोडा चालू आहे. यंदा माल बरा आहे, पण मधातच ढगाळ झालं अन् वाळू घातलेली मिरची तीनदा उचलावी लागली. सासऱ्याचे गुडघे गेले, म्हणून सारं माझ्यावर. सकाळी सहाले जातो ते दिवस बुडता येतो.

तू लिहिलं त्या कागदाचं. धम्मा, नोंदवही म्हणजे सरकारी कागद. तिच्यावर चौकशी झाली, सह्या झाल्या. आता आठ वर्षांनी मी म्हणू की ते खोटं होतं, तं कोण ऐकीन? अन् मले त्या दिवसाचं सगळं नीटसं आठवतही नाही. धूर होता, गोंधळ होता. नंबर लिहिले ते तुमच्यासाठीच लिहिले. रकाना रिकामा दिसला असता तं दुसऱ्या दिवशी नऊही जणांवर मेमो निघाला असता, सेटशिवाय आत गेलेच कसे म्हणून. साहेबांनी आत जा म्हटलं ते तोंडी. कागदावर कुठं होतं? मले वाटलं, पोट्टे जीव धोक्यात घालून जाऊन राहिले, त्यांच्यामागं आणखी झेंगट नको. मागच्या फेरीचेच नंबर खाली उतरवले. तवा हे चांगलंच वाटलं होतं.

त्या पानावर आता आणखी कोणाकोणाचं काय काय उभं आहे, हे तुलेही माहीत आहे. घाई करू नको. एखादा दुसरा डॉक्टर पाह्य. दवाखान्यांनी भरलेलं शहर आहे ते.

दीप्तीले नमस्कार. इकडे ये म्हणणार होतो, पण या दिवसांत गावभर मिरचीचा ठसका असते. तुले सोसणार नाही.

सुमंत


नागपूर,
३ फेब्रुवारी २०२५

सुमंत,

अडुळसा! वा भाऊ वा! माझं फुफ्फुस चामडं झालं अन् तू मले काढा सांगते. नत्थूबुवाले माझा जय भीम सांग, अन् म्हण, बुवा, तुमच्या काढ्यानं जळालेला फोम निघते का?

मी रागात आहे, लपवत नाही. चिठ्ठी वाचून दीप्ती म्हणे, सुमंतभाऊ असे नव्हते. मी म्हटलं, असेच होते, आपल्याले दिसलं नाही. "नीटसं आठवत नाही" म्हणते तू? कंट्रोल रूमले वर्दी आली तवा तू खर्रा घोटून राहिला होता, तो तसाच टेबलावर टाकून आपण गाडीत बसलो. तिसऱ्या फेरीले पाण्याच्या टाकीत दुपट्टे तूच भिजवले. माझी गाठ मागून तूच बांधली अन् म्हटलं, लवकर ये बे. हे सारं मले आठवते, अन् तुले धूर अन् गोंधळ आठवते!

मी आत पहिला होतो. माझ्यामागं दोघं, मग अश्विन, मग बाकीचे. काळा धूर होता, पण धुराचं आपल्याले काय? हा धूर गोड लागत होता गा, घशाशी चिकटणारा. गुडघ्यावर रांगत शटरपर्यंत गेलो. एका बाईचा हात लागला, ओढली. दुसरी तिच्या पायाले धरून होती, तीही आली. मी दोघींले घेऊन फिरलो, तवा अश्विन माझ्या डाव्या बाजूनं पुढं गेला. मी त्याच्या पाठीवर थाप मारली, म्हणजे मागं फिर. तो गेला. मी बाहेर येऊन उलटलो, काळं काळं. अन् मग छत बसलं.

हे मी आजवर कोणाले सांगितलं नाही. तुले सांगून राहिलो, कारण तू पत्ता विचारणाऱ्या परक्या माणसासारखा बोलून राहिला. आणखी कोणाचं काय उभं आहे म्हणते. मले मुंबईच्या यादीत नाव पाहिजे. मी पंचेचाळीस वर्षांचा आहे. पोट्टी बारावीत आहे. यापुढं काय लिहू?

दीड तासाचा रस्ता आहे भिवापूरहून. आठ वर्षांत तू एकदाही आला नाही. मी आजारी नव्हतो तवाही नाही. एकदा येऊन तोंडावर नाही म्हण, मी पुन्हा मागणार नाही.

धम्मदीप


भिवापूर,
११ मार्च २०२५

धम्मा,

महिना गेला, तुले उत्तर नाही. तू शिव्या दिल्या असशीन. दिल्या तं बरंच केलं.

मी निघालो होतो. सोळा फेब्रुवारीले. कौसल्यानं तुझ्यासाठी तिळाचे लाडू बांधून दिले. उमरेडपर्यंत एसटीत बसलो. तिथं स्टँडबाहेर रुग्णवाहिका भोंगा वाजवत गेली, अन् मले काय झालं सांगता येत नाही. उतरलो, पलीकडच्या फलाटावर उलटी गाडी उभी होती, तिच्यात बसलो. लाडू एसटीतच राहिले.

आता खरं लिहितो. मले सगळं आठवते. आमच्या घरी कुकर नाही. वरण पातेल्यात शिजते, दोन तास. काहून की सिलिंडरमधली हवा संपत आली की सेटची शिटी वाजते ना, ती मले कुकरमधून ऐकू येते. तोडणीच्या बाया सकाळी वावरात किती शिरल्या अन् संध्याकाळी किती निघाल्या, हे मोजल्याशिवाय मले घरी येता येत नाही. परवा एक कमी भरली. मी सगळ्या वावरात ओरडत फिरलो. ती बिचारी दुपारीच लेकराले ताप म्हणून घरी गेली होती. बाया हसतात. हसू दे.

कागद मी तीनदा लिहिला. तिन्ही फाडले. अश्विनची भूमिका डोळ्यापुढं येते. अश्विन गेला तवा ती चोवीसची होती, पोटाशी दोन वर्षांची पोट्टी. चौकशीत काय निघालं? अश्विननं सेट घातला होता, नियमानं आत गेला, छत पडलं, ड्युटीवर वीरमरण. त्यावर तिले अनुकंपावर नोकरी लागली. त्या पानावर मी आज लिहिलं की सेट नव्हता, तं उद्या कोणीतरी फाइल उघडून म्हणीन, हा नियम तोडून आत शिरला, आपल्या चुकीनं मेला. मग तिची नोकरी? इकडे आड अन् तिकडे विहीर आहे गा. तुले जगवायले तिले ढकलू का? तिले जपायले तुले मरू देऊ का? माझ्यासारख्याले हे ठरवता येत नाही.

तू एक कर. तिले भेट. तिले विचार. ती हो म्हणली तं मी त्याच दिवशी तहसिलीत जाऊन प्रतिज्ञापत्र करतो. मले तिच्यासमोर उभं राहता येत नाही. काहून ते विचारू नको.

सुमंत


नागपूर,
१६ एप्रिल २०२५

सुमंत,

तुझ्यावरचा राग गेला. कुकरचं वाचून दीप्ती रडली. आमच्याकडे आता भातही पातेल्यात होते, मी तिले काही म्हटलं नव्हतं.

परवा चौदा एप्रिल झाला. तुले तं माहीत आहे, तो दिवस माझा दुहेरी. सकाळी अग्निशमन दिनाची परेड, अन् संध्याकाळी बाबासाहेबांची जयंती. बावीस वर्षं मी परेडचा पांढरा शर्ट न बदलता वस्तीच्या मिरवणुकीत गेलो. यंदा शर्ट घातला तं दोन माणसं मावतील इतका ढिला. पोट्टी म्हणे, बाबा, नका जाऊ. मी ऑक्सिजनचं ते छोटं मशीन पिशवीत घेतलं अन् रिक्षात बसलो. भूमिकाले तिथंच गाठायचं ठरवलं होतं.

नावं वाचली. आपली रीत तुले आठवते ना, गेलेल्याचं नाव पुकारलं की त्याच्या टोळीनं "हजर" म्हणायचं. अश्विनचं नाव आलं. त्याच्या टोळीचा तिथं मी एकटाच. तोंड उघडलं तं खोकलाच निघाला. मागच्या नव्या पोट्ट्यांनी माझ्यासाठी हजर म्हटलं, त्याइनं अश्विनले पाहिलंही नाही. मले इतकी लाज वाटली.

मग भूमिकाच माझ्याजवळ आली, खुर्ची घेऊन, पाणी घेऊन. "भाऊजी, तुम्ही यायचं काहून केलं?" म्हणे. ती आता मुख्यालयात आवक-जावकच्या टेबलावर आहे. सारी डाक तीच उघडते, शिक्का मारते, नंबर टाकते. माझी बोर्डाची फाइलही तिच्याच हातून गेली, म्हणून माझा आजार तिले माहीत. म्हणे, भाऊजी, तुमचं नक्की होईल, तुम्ही किती जणांना काढलं. तिची पोट्टी सोबत होती, दहा वर्षांची, नाक अगदी अश्विनचं.

मी सुरुवात केली. म्हटलं, भूमिका, त्या दिवसाचं एक सांगायचं होतं. तं ती मधातच पोरीले म्हणते, हे बघ, हे काका बाबासोबत आत होते. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणे, "ही लहानपणी सारखी विचारायची, बाबाले किती त्रास झाला? मी सांगते, बाबाच्या तोंडावर मास्क होता, सात नंबरचा. त्याले धूर लागलाच नाही. छत पडलं अन् कळायच्या आत गेला. मीही त्यावरच झोपते भाऊजी."

पाणी पिलो. पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. रिक्षात बसलो. संध्याकाळी मिरवणूक घरासमोरून गेली, ती दारातून पाहिली.

आता सोळा-सोळा तास नाकात नळी राहते. डॉक्टर दीप्तीले बाजूले नेऊन बोलते, म्हणजे काय ते समज. पाच मे जवळ आली. मी तिले विचारू शकलो नाही, अन् पुन्हा विचारणारही नाही. पण मले मरायचंही नाही गा, हेही खरं लिहितो. वरवर शूर दिसायचं वय गेलं. रात्रंदिवस भ्याव वाटते. मोठ्या मनानं "राहू दे सुमंत" म्हणावं असं वाटते अन् हात लिहीत नाही.

तूच ठरव.

धम्मा


भिवापूर,
२५ एप्रिल २०२५

धम्मा,

ठरवलं. काल तहसिलीत जाऊन प्रतिज्ञापत्र केलं. तिसऱ्या फेरीले सेट रिकामे होते, नऊही जण स्वखुशीनं कामगारांना वाचवायले आत गेले, मी मागच्या फेरीचे नंबर पुन्हा लिहिले, चूक माझी. असं दोन पानं. मेलेल्याच्या आठवणीपेक्षा जिता माणूस मोठा, असं मी मनाले समजावलं. समजलं की नाही ते माहीत नाही.

तुझ्याकडे पाठवलं असतं तं तू पेटीत ठेवून दिलं असतं, मी तुले ओळखतो. म्हणून रजिस्टर डाकेनं सरळ मुख्यालयाले पाठवलं. पाकिटावर मेडिकल बोर्ड, गोपनीय, असं मोठ्या अक्षरात लिहिलं, लाख लावून सील केलं. भूमिकाले कानोकान कळणार नाही. बोर्डाचे तीन साहेब वाचतील, तुझं काम होईन, अन् फाइल बंद.

तू यादीत लाग. बाकीचं पाहून घेऊ.

सुमंत


नागपूर,
२९ एप्रिल २०२५

सुमंत,

अरे बाप्पा! हे काय केलं गा? मी तुले लिहिलं होतं ना, डाक सारी तीच उघडते! गोपनीय असो की सील असो, ऑफिसात पाकीट आवकच्या टेबलावरच फुटते. इतकी वर्षं नोकरी केली तू, कधी टेबलावर बसला नाही म्हणून माहीत नाही. आपण साऱ्या जन्माचे पाइप ओढणारे.

दीप्तीले आत्ताच मुख्यालयात पाठवलं. पाकीट आजच पोचलं असीन.

धम्मा


नागपूर,
१४ मे २०२५

आदरणीय सुमंतभाऊ,

नमस्कार. तुमचा पत्ता पाकिटावर होता, त्यावर लिहिते आहे.

तुमचं प्रतिज्ञापत्र २९ एप्रिलला दुपारी माझ्या टेबलावर आलं. गोपनीय लिहिलेली पाकिटंसुद्धा आम्हीच उघडतो, आतल्या कागदावर शिक्का मारावा लागतो. वाचायचं नसतं. पण पहिल्याच ओळीत अश्विनचं नाव होतं, नऊ जणांच्या यादीत चौथं. मग वाचलं.

थोड्या वेळानं दीप्तीताई धापा टाकत आल्या. त्यांनी कागद परत मागितला नाही आणि मीही दिला नाही. मी शिक्का मारला, नंबर टाकला आणि बोर्डाकडे पाठवला. पाकीट ड्रॉवरमध्ये टाकलं असतं तर कोणाला कळलं नसतं, हे मला माहीत होतं. पण धम्मदीप भाऊजी जिवंत आहेत. तेवढंच डोक्यात होतं.

आता पाच तारखेचं ऐका. बोर्डानं त्यांचा अर्ज नामंजूर केला. लिहिलं आहे की मूळ नोंदवहीत खाडाखोड नाही, नोकरी सोडलेल्या माणसाचं आठ वर्षांनंतरचं म्हणणं ग्राह्य धरता येत नाही. म्हणजे भाऊजींसाठी तुमचा कागद खोटा. आणि तोच कागद आस्थापना शाखेत गेला. तिथून काल मला पत्र आलं, तेही माझ्याच टेबलावर, मीच नंबर टाकला. कै. अश्विन हे सुरक्षा साधनांशिवाय स्वखुशीने आत गेल्याचे निदर्शनास आल्याने अनुकंपा नियुक्तीची फेरतपासणी. म्हणजे माझ्यासाठी तो खरा. एका कागदाचे दोन अर्थ कसे होतात, मी साहेबांना विचारलं. साहेब म्हणाले, दोन शाखा वेगळ्या आहेत.

भाऊजी दवाखान्यात आहेत. मी गेले होते. बोलता येत नाही, मास्क लावलेला आहे. मला बघून त्यांनी हात जोडले. मी त्यांचे हात धरून खाली केले. मला त्यांचा राग नाही, आणि मनापासून सांगते, तुमचाही येत नाही. यावा असं फार वाटतं. कोणावर तरी यावा.

नोकरीचं जे व्हायचं ते होईल. पोरीला मी अजून काही सांगितलं नाही. पण मला एक शब्द सोडत नाही. स्वखुशीने. सुमंतभाऊ, अश्विन घरी चहाचा दुसरा कप घ्यायचा तरी विचारायचा. नवीन शर्ट घालायचा तरी विचारायचा, घालू का? मी चिडायचे, अहो, तुमचा शर्ट आहे, घाला की. असा माणूस तोंडावर मास्क नसताना, कोणाला न विचारता त्या धुरात शिरला, हे मला खरं वाटत नाही. दारात तुम्ही होता. तो जाताना काही बोलला का? जे असेल ते लिहा. मला खोटं आता पुरे झालं.

भूमिका


भिवापूर,
२० मे २०२५

भूमिका,

तुझं पत्र शनिवारी आलं. मी ते घेऊन दोन दिवस वावरातच बसलो होतो. कौसल्या बोलवायले आली तं तिलेही वाचायले दिलं नाही.

स्वखुशीनं हा शब्द मी घातला. तहसिलीतल्या बाबूनं नाही, मी. स्वतःले वाचवायले घातला. तुझ्या नोकरीचं त्या वक्ताले डोक्यात आलंच नाही, असं म्हणलो तं तेही खोटं होईन. आलं होतं. तरी घातला.

पाटी धरणाऱ्याचं काम नंबर लिहिणं नसते, पोरी. नंबर तं कोणीही लिहिते. त्याले दारात एवढ्यासाठी उभं करतात की सेट नसलेल्या माणसाले त्यानं अडवावं. साहेबानं जा म्हटलं तरी अडवावं. तो हक्क तिथं फक्त त्यालेच असते. हे धम्माले माहीत आहे, पण त्यानं मले कधी बोलून दाखवलं नाही. आतून बाया ओरडून राहिल्या होत्या, अन् मी एकालेही अडवलं नाही. पहिले तीन न बोलता गेले. अश्विन चौथा होता. तो थांबला.

हे मी चौकशीत सांगितलं नाही, कौसल्याले सांगितलं नाही, धम्माले सांगितलं नाही. आता तुले सांगून त्याचा कोणाले उपयोग आहे, तेही मले कळत नाही. बोर्ड ऐकणार नाही, आस्थापनावाले ऐकणार नाही. पाहिजे तं हाही कागद दाखव, मी कुठंही येऊन सही करतो. पण तू विचारलं, म्हणून लिहितो.

दुपट्टा बांधलेला होता, म्हणून आवाज दबका आला. म्हणे, "सुमंतभाऊ, माझा सेट नाही. जाऊ का?" मी आधी गेलेल्या तिघांचे नंबर उतरवून राहिलो होतो. मान वर केली नाही. म्हटलं, "जा."

तो "बरं" म्हणला अन् गेला.

सुमंत